यहूदा नांवाचीं माणसें

कांहीं वर्षांपूर्वीं एका लहानशा खेड्यांतील मंडळींत बाप्तिस्म्याच्या प्रसंगीं एक गोष्ट घडली. त्या वेळीं ती आम्हांस क्षुल्लक वाटली. परंतु ती अजून मनांतून जात नाहीं, म्हणून वाचकांपुढें ठेवितों. उपासना सुरू होण्यापूर्वीं एक तरुण शेतकरी आपल्या पहिल्या मुलास घेऊन आमच्याकडे आला. मुलाचें नांव काय ठेवावयाचें असें आम्हीं विचारिलें, तेव्हां तो म्हणाला, "यहूदा." नोंदवहींत लिहावयास उचललेली लेखणी आम्ही तशीच धरून राहिलों. जवळ मंडळीचे दोन पंच बसले होते. त्यांतील एक हंसला, आणि दुसरा म्हणाला, "अरे, शास्त्रांत नांवांची काय वाण पडली, कीं प्रभूला विकणाराचेंच नांव तुला सांपडलें?" तरुणानें मान खालीं घातली. हें नांव घरांतलें आहे, आजीची इच्छा आहे, एवढेंच तो पुटपुटला. आम्हींही लोक खोळंबले आहेत असें पाहून त्यास सल्ला दिला कीं, बाबा, लेंकराच्या मागें जन्मभर हें ओझें कशाला? योहान लिहूं या. तेंही शास्त्रांतलेंच, आणि उच्चारासही जवळचें. त्यानें मान डोलविली. आम्हीं योहान असें लिहिलें, मुलाचा बाप्तिस्मा झाला, सर्वांस गूळखोबरें वांटण्यांत आलें.

निघतेवेळीं त्या तरुणाची आजी दारापर्यंत आली. वय झालेलें, दृष्टि मंद. पण बोलणें स्पष्ट. ती म्हणाली, "पाळकसाहेब, आमच्या मामंजींचें नांव देवाच्या घरांत चालत नाहीं, असें म्हणा ना." आम्ही कांहींतरी समजुतीचें बोललों व वाट धरली. मागाहून कळलें तें असें. तिचे सासरे हे त्या गांवांतील पहिले विश्वासणारे. ते थोर वयांत रात्रीच्या शाळेंत अक्षरें शिकले. शास्त्रांतील एक तरी पुस्तक आपल्या डोळ्यांनीं आरंभापासून शेवटपर्यंत वाचावें अशी त्यांस फार हौस होती, म्हणून मास्तरांनीं एकाच अध्यायाचें, पंचवीस वचनांचें एक पत्र काढून दिलें. तें त्यांनीं ओळीवर बोट ठेवून महिनाभरांत संपविलें, आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं तें पत्र लिहिणाराचें नांव आपणांस मागून घेतलें. तें पत्र म्हणजे यहूदाचें पत्र.

एका माणसाच्या दुष्कृत्यानें त्याचें नांव विटाळतें काय? आणि विटाळत असेल, तर तो विटाळ त्याच नांवाच्या दुसऱ्या माणसास लागतो काय? विटाळ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरितों. स्पर्शानें माणूस बाटतो ही कल्पना खोटी आहे, असें आम्ही ख्रिस्ती लोक मोठ्यानें सांगत आलों आहों. तीच कल्पना अक्षरांचें रूप घेऊन आमच्या नोंदवहींत शिरली, तर ती आम्हांस ओळखूं येऊं नये काय? घरीं आल्यावर आम्ही पवित्र शास्त्र उघडून त्या नांवाचीं माणसें एकामागून एक शोधूं लागलों. एक इस्कार्योत सोडला तर बाकीच्यांकडे आम्हीं आजवर नीट पाहिलेंच नव्हतें, हें आम्हांस तेव्हां कळलें.

पहिला यहूदा याकोबाचा चौथा पुत्र. त्याची आई लेआ ही नवऱ्याची नावडती. पहिल्या तीन मुलांचीं नांवें ठेवितांना तिनें आपलें दुःख त्या नांवांत घातलें. चौथ्या वेळीं मात्र परमेश्वराची स्तुति करावी असें तिच्या मनांत आलें, म्हणून स्तुति या अर्थाचें हें नांव. असें नांव धारण करणारानें पुढें काय केलें? योसेफ खड्ड्यांत पडला असतां, त्यास मारून काय लाभ, विकून टाकूं या, ही युक्ति त्यानेंच सुचविली. आणि वीस रुप्याच्या नाण्यांस भाऊ विकला गेला. तीस नाण्यांस प्रभूला विकणारा यहूदा आपल्या सर्वांस पाठ आहे. वीस नाण्यांस भाऊ विकणारा यहूदा मात्र शब्बाथशाळेंतील मुलांस विचारावा, दहांत दोघांस तरी सांगतां येईल कीं नाहीं याची शंका आहे. तामारेविषयीं त्याचें वर्तन आणखी लाजिरवाणें. पण तेथेंच प्रथम त्यानें, ही माझ्याहून नीतिमान आहे, असें चारचौघांत कबूल केलें. आणि शेवटीं मिसर देशांत, धाकट्या बन्यामिनाला दास करून ठेवण्याची वेळ आली, तेव्हां याच यहूदानें पुढें होऊन, त्याच्या जागीं मला ठेवून घ्या, असें म्हटलें. एक भाऊ विकणारा आणि दुसऱ्या भावाबद्दल स्वतःस देऊं करणारा, हे दोन यहूदा नव्हेत, एकच. याच घराण्यांत प्रभूनें जन्म घेतला, आणि प्रकटीकरणांत त्यास सिंह म्हटलें आहे तेंही यहूदाच्या वंशाच्या संबंधानें.

प्रभूच्या काळीं हें नांव घरोघर होतें, यास आणखी एक कारण घडलें होतें. इ. स. पूर्वीं १६७ च्या सुमारास अंतियोख एपिफानेस या राजानें यरुशलेमचें मंदिर भ्रष्ट केलें व मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें चालणें हा देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरविला. मोदीन गांवच्या मत्तथ्या नांवाच्या वृद्ध याजकानें बंड उभारिलें. त्याचे पांच पुत्र. त्यांतील तिसरा यहूदा, ज्यास मकाबी असें टोपणनांव होतें, तो सेनापति झाला. थोड्या लोकांनिशीं त्यानें मोठमोठ्या सैन्यांस डोंगरांतील खिंडींत अडवून हरविलें, इ. स. पूर्वीं १६४ मध्यें मंदिर शुद्ध करून पुन्हां अर्पण केलें, आणि इ. स. पूर्वीं १६० मध्यें लढतांना पडला. त्या पुनःप्रतिष्ठेच्या सणाच्या दिवसांत हिंवाळ्यांत प्रभु मंदिरांत फिरत होता, असें योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत आहे. आपल्या पुस्तकसंग्रहांत मकाब्यांचीं पुस्तकें नाहींत, म्हणून आमच्या लोकांस हा पुरुष ठाऊक नाहीं. परंतु हँडेल या संगीतकारानें इ. स. १७४७ मध्यें त्याच्यावर मोठी संगीतरचना लोकांपुढें आणिली, आणि तींत गाइल्या जाणाऱ्या विजयगीताच्या चालीवर आज इंग्रजी मंडळ्यांत पुनरुत्थानदिनाचें एक प्रसिद्ध गीत गातात. त्या चालीस पुस्तकांत 'मकाबी' याच नांवानें ओळखतात. ज्या नांवानें प्रभूला धरून दिलें, त्याच नांवाच्या वीराच्या चालीवर प्रभूच्या उठण्याचा जयघोष व्हावा, हें गाणारांपैकीं किती जणांच्या ध्यानांत येत असेल कोण जाणे.

त्यानंतरचा गालीलकर यहूदा. इ. स. ६ मध्यें क्विरीनियाच्या नांवनिशीच्या वेळीं, रोमी सरकारास कर देणें म्हणजे देवाखेरीज दुसऱ्यास धनी मानणें, असें सांगून तो उठला व मारला गेला. गमलिएलानें न्यायसभेंत त्याचें उदाहरण दिलें आहे. त्याच्या मार्गाविषयीं वाचकांचें मत कांहींही असो. पैशाकरितां कोणास विकणारांतला तो नव्हता.

तेव्हां आपल्या मुलास यहूदा म्हणणाऱ्या आईबापांच्या मनांत काय असे? स्तुति, सिंह, मंदिर शुद्ध करणारा वीर. इस्कार्योताच्या आईनेंही त्यास पाळण्यांत घालितांना हेंच मनांत आणिलें असेल. आपल्या मुलाचें नांव पुढें शिवी होईल हें कोणत्या आईस ठाऊक असतें?

प्रभूच्या बारा शिष्यांत शिमोन दोन, याकोब दोन, तसे यहूदाही दोन होते. या दुसऱ्या यहूदाची आम्हांस फार कींव येते. लूक त्याला याकोबाचा यहूदा म्हणतो. मत्तय व मार्क यांच्या यादींत त्या जागीं तद्दय हें नांव येतें, आणि हे दोघे एकच असें पुष्कळ पंडित मानतात. शेवटल्या रात्रीं माडीवर त्यानें प्रभूस एक प्रश्न विचारिला, कीं तूं आम्हांस प्रगट होणार आणि जगास नाहीं, हें कसें? प्रश्न चांगला आहे, आणि त्यास उत्तर म्हणून प्रभूनें, जो माझ्यावर प्रीति करितो त्याच्याकडे पिता व मी येऊन वस्ती करूं, अशा अर्थाचें जें अभिवचन दिलें तें आजवर लाखों मरणाऱ्या माणसांच्या उशापाशीं वाचलें गेलें आहे. पण हा प्रश्न कोणी विचारिला हें सांगतांना योहानास काय लिहावें लागलें? 'यहूदा, तो इस्कार्योत नव्हे.' माणसाची ओळख त्यानें काय केलें यावरून नव्हे, तो कोण नव्हे यावरून! आणि ही ओळख योहानानें द्वेषानें दिली नाहीं. उलट त्यास वांचवावें म्हणून दिली. तरी तो बिचारा एकोणीस शतकें दुसऱ्याच्या सावलींत उभा आहे.

त्याच रात्रीं, तुम्हांपैकीं एकजण मला धरून देईल, असें प्रभूनें सांगितल्यावर प्रत्येकजण खिन्न होऊन, तो मी आहें काय, असें विचारूं लागला. पेत्रानें विचारिलें, योहानानें विचारिलें, दुसऱ्या यहूदानेंही विचारिलें असेल. पाप नांवांत असतें तर शिमोनास व योहानास विचारण्याचें कारण काय? आपलें नांव वेगळें आहे म्हणून ते निर्धास्त जेवीत राहिले असते. आम्हांस वाटतें, नांव टाकण्याची आमची एवढी घाई याचसाठीं असते. विश्वासघातास एक ठरलेलें नांव दिलें, कीं तो त्या नांवाच्या माणसापाशीं राहतो. मग आम्हांस तो प्रश्न विचारावा लागत नाहीं. येथें आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये. इस्कार्योताचें पाप लहान होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्याविषयीं प्रभूनें जे कठोर शब्द उच्चारले, ते पुसण्याचा अधिकार कोणा पाळकास नाहीं. परंतु ज्यानें ते शब्द उच्चारले, त्यानेंच त्या रात्रीं बागेंत, चुंबन घ्यावयास आलेल्या त्या माणसास नांवानें हांक मारिली. लूकानें ती हांक लिहून ठेविली आहे. तें नांव घेतल्यानें प्रभूचे ओंठ विटाळले नाहींत.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत या सर्वांचें नांव एकच. परंतु इ. स. १६११ च्या इंग्रजी शास्त्रांत उत्पत्तींतील कुलपति 'जूडा' आहे, धरून देणारा 'जूडस' आहे, आणि पत्र लिहिणारा 'जूड' आहे. असें करण्यांत भाषांतरकारांचा हेतु कांहीं असो, परिणाम असा झाला कीं इंग्रज आईबाप आपल्या मुलास जूड म्हणूं शकतात आणि त्यांस कोणी हंसत नाहीं. आमच्या मराठी शास्त्रांत तसें नाहीं. आमच्याकडे कुलपतीही यहूदा, विश्वासघातकीही यहूदा, पत्र लिहिणाराही यहूदा. आम्हांस ही मराठीची अडचण वाटत नाहीं. हा तिचा प्रामाणिकपणा आहे. मात्र याच प्रामाणिकपणामुळें तो रात्रीच्या शाळेंतील शेतकरी, सर्व शुभवर्तमानें वाचण्यापूर्वींच, निष्कपटपणें तें नांव मागून बसला.

प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांत तर आम्ही कितीतरी वेळ थबकलों. शौल दिमिष्काच्या वाटेवर पडला, आंधळा झाला, आणि लोकांनीं त्यास हात धरून नगरांत नेलें. तो तीन दिवस अन्नपाण्यावांचून कोणाच्या घरीं होता? नीट नांवाच्या रस्त्यावर यहूदाच्या घरीं. या घरधन्याविषयीं शास्त्रांत याहून अधिक एक अक्षरही नाहीं. तो विश्वासणारा होता कीं नव्हता, त्यानें शौलास ओळखलें होतें कीं नाहीं, कांहीं सांगितलेलें नाहीं. त्यानें एका आंधळ्या माणसास घरांत निजावयास जागा दिली, एवढें खरें. आणि त्याच्याकडे डोळे उघडण्यास प्रभूनें कोणास पाठविलें? हनन्यास. आतां वाचकांनीं चार पानें मागें जावें. पांचव्या अध्यायांत, शेत विकून पैसे चोरून ठेविले व प्रेषितांच्या पायांपाशीं खोटें बोलून मेला, त्याचें नांवही हनन्याच. तेविसाव्या अध्यायांत पौलाच्या तोंडांत मारावयास सांगणारा महायाजक, तोही हनन्या. यिर्मयाच्या मानेवरचें जूं मोडून लोकांस खोटी आशा दाखविणारा संदेष्टा हनन्या, आणि दानिएलाचा विश्वासू सोबती, ज्यास बाबेलांत शद्रख म्हणत, तोही मूळचा हनन्या.

तेव्हां आमचा थोर प्रेषित, ज्याचीं पत्रें आम्ही दर रविवारीं वाचितों, तो यहूदाच्या छपराखालीं व हनन्याच्या हातांखालीं डोळस झाला. एक नांव विश्वासघातक्याचें, दुसरें लबाडाचें. पवित्र आत्म्यास नांवांची वाण होती काय? लूक हा जपून लिहिणारा मनुष्य. त्यास वाटतें तर घरधन्याचें नांव गाळून, एका गृहस्थाच्या घरीं, असें तो लिहिता. त्यानें नांव गाळलें नाहीं व बदललेंही नाहीं.

आणि आम्हीं तर बदललें. त्यांतील गंमत आम्हांस फार उशिरां कळली. योहान या नांवाचा अर्थ, परमेश्वर कृपाळू आहे. हनन्या याचा अर्थही तोच. इब्री भाषेंत दोन्ही नांवांचे तुकडे तेच आहेत, केवळ मागेंपुढें. म्हणजे विश्वासघातक्याच्या नांवापासून मुलास वांचवावें म्हणून आम्हीं जें दिलें, तें अर्थानें खोटें बोलून मेलेल्या माणसाचें निघालें! स्वच्छ नांव शोधीत बसणारानें कोठवर जावें?

बर्सब्बा म्हटलेल्या यहूदाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे, पण तें आमच्याशीं अगदीं निकटचें आहे. परराष्ट्रीयांवर सुंतेचें व नियमशास्त्राचें जोखड घालूं नये, असा ठराव यरुशलेमांत झाला, तेव्हां तें पत्र अंत्युखियास पौल व बर्णबा यांच्याबरोबर नेण्यास ज्या दोन विश्वासू माणसांस निवडलें, ते यहूदा व सीला. आम्ही परराष्ट्रीय, आमच्या मोकळीकीचा तो कागद यहूदा नांवाच्या माणसाच्या हातून आला.

आणि पत्र लिहिणारा यहूदा? पुरातन मंडळीचें मत असें कीं, मत्तयाच्या तेराव्या अध्यायांत प्रभूच्या ज्या चार भावांचीं नांवें आहेत त्यांपैकीं हा एक. मात्र पत्राच्या आरंभीं तो आपणांस येशू ख्रिस्ताचा दास व याकोबाचा भाऊ म्हणवितो. प्रभूचा भाऊ असें म्हणवून घेत नाहीं. त्याच्या नातवांविषयीं एक हकीकत युसेबियानें आपल्या मंडळीच्या इतिहासांत हेगेसिप्प या जुन्या लेखकाच्या आधारें दिली आहे. ती आमच्या शेतकरी वाचकांस आवडेल. दोमितियान बादशहास (इ. स. ८१ ते ९६) कोणीं कळविलें कीं दाविदाच्या वंशांतील माणसें अजून जिवंत आहेत. त्यास राज्याची धास्ती पडली व त्यानें यहूदाच्या नातवांस पकडून आणविलें. तुमची मालमत्ता काय, असें विचारतां त्यांनीं सांगितलें कीं रोकड कांहीं नाहीं. दोघांत मिळून थोडी जमीन आहे, एकोणचाळीस माप, तिची किंमत नऊ हजार दीनार. ती आम्ही स्वतः कसतों व कर भरतों. आणि पुरावा म्हणून त्यांनीं आपले हात पुढें केले. घट्टे पडलेले ते हात पाहून बादशहानें तुच्छतेनें त्यांस सोडून दिलें. बादशहा नांवाला भ्याला आणि हात पाहून निश्चिंत झाला.

येथवर जें सांगितलें तें वाचून कोणी म्हणेल, नांवांचा हा काथ्याकूट कशाला? एखाद्या मुलास योहान म्हटलें काय अन् यहूदा म्हटलें काय, जग कांहीं बुडत नाहीं. परंतु या नांवामुळें जग बुडालें आहे. यहूदा या नांवापासूनच यहूदी हा शब्द झाला. युरोपांतील ख्रिस्ती लोकांनीं शतकानुशतकें ते दोन शब्द एकत्र करून, एका इस्कार्योतावरून साऱ्या राष्ट्रास विश्वासघातकी ठरविलें. प्रभु स्वतः यहूदी, त्याची आई यहूदी, अकराही शिष्य यहूदी. पण यहूदी म्हणून आठवला तो एकच. आम्ही प्रॉटेस्टंट लोकांनीं येथें डोळे मिटूं नयेत. आमच्या मार्टिन लूथरनेंच इ. स. १५४३ मध्यें यहूद्यांविरुद्ध एक पुस्तक लिहून त्यांचीं सभास्थानें जाळावीं असा सल्ला दिला. इ. स. १९३८ च्या नोव्हेंबरांत जर्मनींत तीं खरोखरच जाळण्यांत आलीं. त्याच वर्षीं तेथील सरकारानें कायदा केला कीं, जे नांवावरून यहूदी म्हणून ओळखूं येत नाहींत, अशा यहूदी पुरुषांनीं आपल्या नांवास 'इस्राएल' व स्त्रियांनीं 'सारा' हें नांव जोडावें. सारा! आमच्या कोणत्या मंडळींत एखादी साराबाई नाहीं? जें नांव आम्ही कौतुकानें मुलीस देतों, तें तेथें माणसास हेरण्याचें चिन्ह झालें, आणि पुढील सात वर्षांत साठ लाख यहूदी मारले गेले. आमच्या कोंकणांत याच राष्ट्राचे लोक शतकानुशतकें तेलाचे घाणे चालवून राहिले; शनिवारीं घाणा बंद म्हणून गांव त्यांस शनवार तेली म्हणे. तेथें त्यांच्यावर कोणीं इस्कार्योताचें पाप लादलें नाहीं. तें लादणारे ख्रिस्ती म्हणविणारे होते.

लूथरचें नांव निघालेंच आहे, तर तेंही पाहूं. तो इ. स. १४८३ मध्यें दहा नोव्हेंबरास जन्मला, आणि दुसऱ्या दिवशीं संत मार्टिनच्या सणास त्याचा बाप्तिस्मा झाला, म्हणून तें नांव. तो संत मार्टिन म्हणजे थंडींत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास आपला झगा कापून अर्धा देणारा शिपाई, अशी कथा आहे. पुढें इ. स. १९३४ मध्यें अमेरिकेंतील एक काळे पाळक, मायकेल किंग, जर्मनीस जाऊन आले. लूथरच्या कार्यानें त्यांचें मन भारून गेलें व त्यांनीं स्वतःचें आणि आपल्या लहान मुलाचें नांव मार्टिन लूथर असें केलें. त्या मुलानें आपल्या लोकांच्या हक्कांसाठीं शस्त्रावांचून लढा दिला, व इ. स. १९६८ मध्यें एप्रिलच्या चार तारखेस त्यास गोळी घालण्यांत आली. त्या पित्यानें लूथरपासून सारें घेतलें काय? १५४३ चें पुस्तक घेतलें नाहीं. नांव घेतांना माणूस त्या नांवांतलें आपणांस हवें तें घेतो, बाकीचें टाकतो; तसें करण्याचा त्यास अधिकार आहे.

याच्या उलट बाजूसही वजन आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. उद्यां एखाद्यानें मुलाचें नांव हिटलर ठेवा असें म्हटलें, तर आम्ही लिहूं काय? नाहीं लिहिणार. कां? तें नांव मागणारा त्याच माणसाकडे पाहून मागतो म्हणून. आणि ज्यांचीं माणसें त्यानें मारिलीं ते अजून आमच्यांत जिवंत आहेत म्हणून. शिवाय नांव आईबाप ठेवितात, परंतु चिडविण्याचा त्रास मुलास सोसावा लागतो. तेव्हां पाळकानें दोन शब्द सुचविले तर तो अन्याय नव्हे. आमचा सल्ला प्रेमानें दिलेला असता, तर आम्हांस तो आज टोंचला नसता. पण त्या दिवशीं आम्हीं त्या तरुणास एक प्रश्नही विचारिला नाहीं. हें नांव कोणाचें? कोणाकडे पाहून ठेवितां? एवढें विचारावयास किती वेळ लागला असता? आम्ही त्या पंचाच्या थट्टेस भ्यालों, आणि त्यास मुलाची काळजी असें नांव दिलें.

शिवाय याच वहींत आम्हीं दावीद हें नांव किती वेळां लिहिलें आहे! दाविदानें उरीयास मारविलें. पेत्र लिहिलें आहे. पेत्रानें शपथ वाहून प्रभूस नाकारिलें. पौल लिहिलें आहे; त्यानें स्तेफनाच्या खुनास संमति दिली. ते पश्चात्तापानें फिरले, इस्कार्योत तसा फिरला नाहीं, असें कोणी म्हणेल, तें खरें. पण मग गुण फिरण्याचा झाला, नांवाचा नव्हे. आणि वीस नाण्यांचा यहूदा तर फिरला होता.

आमच्या लोकांनीं याबाबत इतरांहून अधिक हळवें असावयास पाहिजे. आमच्या वाडवडिलांपैकीं पुष्कळांस गांवानें कधीं पुऱ्या नांवानें हांक मारिली नाहीं. घरीं रामा असला तर चावडीवर तो राम्या. म्हातारा झाला तरी राम्याच. मूल जगावें म्हणून आईबापांनीं दगडू, कचरू असें नांव ठेविलें, तर लोकांनीं तें त्याच्या लायकीचें समजून वापरलें. बाप्तिस्म्याच्या दिवशीं पुरें नांव मोठ्यानें, सन्मानानें उच्चारलें गेलें, हें कित्येकांस साऱ्या विधीहून अधिक लक्षांत राहिलें असें आम्हीं वृद्धांच्या तोंडून ऐकलें आहे.

या वर्षीं पुन्हां त्या खेड्यास जाण्याचा योग आला, तेव्हां आम्ही मुद्दाम त्या आजीबाईंकडे गेलों व आमचें चुकलें असें सांगितलें. त्या म्हणाल्या, "झालं तें झालं, साहेब. तुम्ही काय वाईट बुद्धीनं केलं नाहीं." मग थोडें थांबून त्यांनीं सासऱ्यांची एक गोष्ट सांगितली. चाळीस वर्षें ते मंडळीचे सभासद होते. देवळाच्या भिंतींचे दगड त्यांनीं आपल्या गाडींतून आणिले. पंचही झाले. परंतु दानपेटीची किल्ली त्यांच्या हातीं कधीं दिली गेली नाहीं. ठराव असा कोणीं केला नव्हता, दर वर्षीं किल्लीची गोष्ट निघे, कोणीतरी हंसत म्हणे, यहूदाजवळ थैली नको रे बाबा, आणि सारे हंसत, तेही हंसत. एकदां मोजणींत सव्वादोन रुपये कमी आले. चोर असें कोणी म्हणालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ते पैसे वहीच्या पुठ्ठ्यांत सांपडले. "मामंजी एवढंच सांगायचे," त्या म्हणाल्या, "कीं सगळे माझ्याकडं बघत होते." पंधरा दिवस ते देवळांत गेले नाहींत. घरींच बसून तें पंचवीस वचनांचें पत्र वाचीत.

ही गोष्ट आम्हीं संध्याकाळीं, त्या दिवशीं थट्टा करणाऱ्या पंचास सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर म्हणाले, "त्या वेळीं किल्ली आमच्या वडिलांकडे असे."

नोंदवहींत योहान आहे, शाळेंत योहान आहे, आणि तेंही नांव चांगलें आहे. आम्ही निघण्यापूर्वीं आजीबाई उंबऱ्यावर आल्या व दिवेलागण झाली म्हणून त्यांनीं अंगणापलीकडे, "ए यहूदा," अशी हांक मारिली. बाभळीखालीं गोट्या खेळणाऱ्या पोरांतून एक धुळीनें भरलेला मुलगा "आलों" म्हणत धांवत आला, दारांतील रांजणांतून पाणी प्याला, आणि आणखी एक डाव खेळूं दे म्हणून आजीचा पदर ओढूं लागला.